मोडलेले पाच मटाम

सरकारी पंचनाम्यात लिहिलं आहे की पाटणझरीच्या वसाहतीतली नऊ घरं अतिवृष्टीमुळे पडली. हे खोटं आहे. मी त्या दिवशी तिथं होतो. पडलेल्या नऊ घरांत एक माझं होतं. अडतीस वर्षं मातीकाम केलं आहे. जमीन पावसानं खचली की आणखी कशानं, एवढं मला कळतं.

ही घरं पडणार हे बयनाबाईनं पाच वर्षं आधी लिहून दिलं होतं. कुठून पडतील, किती अंतर उरलं आहे, घळ दरवर्षी किती सरकते, सगळं आकड्यांत. ती कागद घेऊन जवळच्या तामसीहून बसनं आदिलाबादला तीनदा गेली. तिचं म्हणणं खरं का धरलं गेलं नाही, ते सांगायला मी लिहितो आहे. त्यात माझाही हात आहे.

बयनाबाई आमच्या टोळीत माती वाहायची. टोळीत दहा जोड्या होत्या. पुरुष खणायचे, बाया टोपली वाहायच्या. मी मुकादम. ती आमच्याच वस्तीतली, चंपतची बायको. चौथीपर्यंत शिकलेली. अंगानं किरकोळ, पण तिचं टोपलं कधी कमी भरलेलं नसायचं. भरणाऱ्यानं हात आखडला तर ती टोपलं उचलायचीच नाही. नुसती उभी राहायची. मग तो मुकाट्यानं आणखी दोन पावडी टाकायचा.

मातीकामाचं माप कसं घेतात हे आधी सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. खड्डा खणून झाला की मूळ जमीन कुठवर होती ते दिसत नाही. म्हणून खणताना मधे मधे मातीचा एकेक खांब तसाच सोडायचा. त्याच्या डोक्यावरचं गवतही तसंच ठेवायचं. त्याला मटाम म्हणतात. ओव्हरसियर येतो, मटामाची उंची मोजतो, तेवढा खड्डा खोल धरतो. माप वहीत चढलं की मटाम त्याच दिवशी मोडायचा. नाही तर तोच खड्डा दोनदा मोजून घेतील असा संशय येतो. हा नियम आमच्या हातात भिनला होता. ‘माप झालं’ ऐकलं की टिकास आपसूक मटामाकडे वळायचं.

काही टोळ्या मटामावर ओली माती थापून वर गवताचं ढेकूळ बसवतात. खोली जास्त दिसते. चंपतनं एकदा तसं केलं. चार बोटं माती चढवली. बयनाबाईनं पाहिलं आणि पायानं उडवून लावली.

“हे चार बोटं म्या वाह्यलेच नाही,” ती म्हणाली.

“तू माही बायको होय का ओव्हरसियरची?”

“आज तं ओव्हरसियरची. भाकर त्याच्याच घरून आण.”

चंपतला त्या दिवशी खरंच भाकर मिळाली नाही. आमच्यातलीच दिली.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात हैदराबादहून लिंगय्या सार आले. विद्यापीठात शिकवायचे. पाण्यानं जमीन कशी झिजते, कशी कापली जाते, कापलेली माती कुठं जाऊन बसते, याचा त्यांचा अभ्यास. आमच्या गावाखाली काळ्या जमिनीत एक घळ आहे. ती खालच्या ओढ्याला मिळते आणि ओढा पैनगंगेला. सारांना ती घळ मोजायची होती. ते आमच्याशी हिंदीत बोलायचे.

चंपत म्हणाला, “जमीन झिजते हे पाहाले हैदराबादहून काऊन यायचं? आमच्या टाचा पाहा म्हणा.”

सार हसले. त्यांनी घळीच्या तोंडापासून गावाच्या दिशेनं दर दहा फुटांवर एक अशा बारा लोखंडी सळ्या ठोकल्या. घळीचं तोंड सरकत वर आलं की सळी पडायची. किती दिवसांत कितवी पडली त्यावरून वेग कळायचा. पाऊस मोजायला एक पत्र्याचं भांडं दिलं. प्रत्येक पावसानंतर जाऊन बघणारा माणूस त्यांना मजुरीवर हवा होता. चिखलात दीड मैल जाणं आणि दीड मैल येणं, तेही सगळा पावसाळा. पुरुष मागे सरले. बयनाबाई पुढे झाली.

पहिल्याच दिवशी तिनं सारांना थांबवलं. घळीच्या तोंडापुढं, शेवटच्या सळीच्याही पलीकडे, गायरानाची सपाट पट्टी होती. तिथं पळसाचे पाच जुने बुंधे होते. झाडं कधीच तोडून नेली होती. प्रत्येक बुंधा मातीच्या उंचवट्यावर उभा होता आणि बाजूनं मुळ्या लोंबत होत्या.

“सार, हे मटाम आहेत,” ती म्हणाली.

सारांना शब्द कळला नाही. मी हिंदीत समजावलं. ती पुढे म्हणाली, “माही माय पत्रावळीची पानं तोडून ह्या बुंध्याले पाठ लावून भुईवर बसे. आता मी बसली तं मुळ्या डोक्याले लागतात. बुंधे उठले नाही. भुई खाली गेली. कोणी खणलं नाही, पाण्यानं खणलं. मुळ्यांनी धरली तेवढी माती राह्यली.”

लिंगय्या सार खाली बसले. टेप काढून पाचही उंचवटे मोजले. सगळ्यात उंच तीन फूट दोन इंच भरला. ती पट्टी डोळ्यांना सपाट दिसायची म्हणून सारांनी ती मोजायची ठरवलीच नव्हती. त्यांनी मान्य केलं. तेवढं त्यांचं मोठेपण. त्या दिवसापासून ते तिला बाजूला उभं न करता शेजारी बसवून शिकवू लागले.

काय शिकवलं ते तिनं आम्हाला सांगितलं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. पावसाचं पाणी भेगांतून आत शिरतं. काळ्या मातीखाली पिवळी भुसभुशीत माती आहे. पाणी तिच्यात बीळ करत घळीकडे निघतं. वरून जमीन धड दिसते, आतून पोकळ होते. मग एक दिवस वरचं छत बसतं आणि घळ पाच-सात फूट पुढे येते.

“वरून नाही खात, खालून खाते,” ती म्हणायची.

आठ पावसाळे तिनं मोजलं. एकही पाऊस चुकवला नाही. भागीरथा, तिची मुलगी, पोटात होती तेव्हाही नाही. वहीत तारीख, भांड्यातलं पाणी, पडलेली सळी, पडलेल्या मातीची लांबी, रुंदी, खोली. शेवटी तिचा स्वतःचा एक रकाना होता, टोपली. घळ वर्षाला साधारण सोळाशे घनफूट माती नेते, म्हणजे तीन हजारांवर टोपली. “एक जोडी सोळा दिवस राबली तं इतकं होते,” ती म्हणायची. घळीबद्दल तिच्या मनात राग नव्हता. घळ पूर्ण भरलेलं टोपलं नेते, असं म्हणायची.

एक्याऐंशीनंतर सार आले नाहीत. अभ्यास पूर्ण झाला, छापला गेला असं कळलं. तिची मजुरी बंद झाली. ती जात राहिली. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात बारावी सळी पडली. आठ वर्षांत एकशेवीस फूट. वर्षाला पंधरा.

पंच्याऐंशीत आमच्या वस्तीला चौतीस घरांची वसाहत मंजूर झाली. आधी जागा ठरली होती सडकेच्या बाजूचं मुरमाड टेकाड. सरकारी जागा. पण तिथं गावातले कापसाचे व्यापारी उत्तमराव दरवर्षी गंजी लावायचे, गाड्या उभ्या करायचे. महिनाभरात कागद फिरला. वसाहत घळीवरच्या गायरानात आली. सपाट जागा आहे, खर्च कमी, असं कारण लिहिलं. कापसाला टेकाड आणि माणसांना पोकळ जमीन. 

बयनाबाईनं टेप धरली. घळीच्या तोंडापासून शेवटच्या ओळीच्या आखणीपर्यंत एकशेपासष्ट फूट. वर्षाला पंधरा. अकरा वर्षं. पंच्याण्णवच्या पावसाळ्यापर्यंत शेवटची ओळ जाणार. ती वही घेऊन आदिलाबादच्या कचेरीत गेली. मी सोबत होतो. ओव्हरसियर तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचा.

“ये किसने लिखा?”

“म्या.”

“काम क्या करती?”

“माती वाहते.”

त्यानं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथला कारकून हसला. ओव्हरसियर म्हणाला, “सलाखें कहाँ हैं? दिखाओ.”

“घळीत पडल्या. पडल्या म्हणून तं आले.”

“मतलब सबूत नहीं.”

“सबूत पडलेला आहे जी. खाली जाऊन पाहा, बाराही तिथंच आहेत.”

तो खाली उतरणारा नव्हता. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, “सळ्या राहू द्या. पाच मटाम उभे आहेत. ती पट्टी सपाट आहे म्हणता, मग तीन फूट माती गेली कुठं ते सांगा.” मटाम हा शब्द त्याच्या कामाचा. तेव्हा त्यानं पहिल्यांदा वहीत पाहिलं. येतो म्हणाला.

त्याच आठवड्यात तिनं लिंगय्या सारांना पत्र घातलं. आदिलाबादच्या साहेबांना दोन ओळी लिहा, एवढंच मागितलं. उत्तर दीड महिन्यानं आलं. कोणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलेलं, अक्षर सुंदर. घळ कशी वाढते हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, घरं कुठं बांधावी हा प्रशासनाचा विषय आहे, तरी आपल्या मुलीला आशीर्वाद. आठ वर्षं तिनं पाय झिजवले. त्यातली तीन तर फुकट. आणि उत्तर हे.

पण ते नंतर. आधी ओव्हरसियर आला. टोळीचं काम सुरू झालं होतं. ठेकेदारानं आम्हालाच लावलं होतं, आपली घरं आपणच बांधतो म्हणून आम्ही खुशीत होतो. बयनाबाई सकाळपासून बुंध्यांपाशी बसून होती. ओव्हरसियरनं पाचही उंचवटे मोजले. वहीत काहीतरी लिहिलं. तिच्यासमोर लिहिलं म्हणून तिनं मान हलवली, वही बंद होईपर्यंत थांबली आणि भागीरथाला शाळेतून आणायला गावात गेली.

ओव्हरसियर जीपमध्ये बसता बसता मला म्हणाला, “मुकादम, माप हो गया. काम चालू करो.”

मोडा असं तो म्हणाला नाही. ठेकेदारही म्हणाला नाही. कोणी काही सांगितलं नाही. माझ्या कानानं ‘माप हो गया’ ऐकलं आणि हातानं टिकास उचललं. मागून सहा जण आले. तासाभरात पाचही बुंधे आडवे केले, माती फोडली, टोपल्यांत भरली आणि पहिल्या घराच्या जोत्यात टाकली. चंपतही आमच्यात होता. बायकोचेच मटाम तो फोडत होता आणि त्याच्याही लक्षात आलं नाही. माप झालेला मटाम उभा ठेवणं आम्हाला आळशीपणा वाटायचा.

बयनाबाई परत आली. आधी तिला जागा सापडेना.

“मोतीराम भाऊ, बुंधे?”

“माप झालं ना बाई. मोडले.”

तिनं माझ्या हातातल्या टिकासाकडे पाहिलं. मग मला कळलं. 

“बुंध्यांभोवती माती भरून टाकली असती तरी चाललं असतं, उकरून दाखवलं असतं,” ती म्हणाली. “मटाम काऊन मोडला?”

चंपत खाली मान घालून म्हणाला, “सवय वं.”

“अर्धं टोपलं भराची सवय लागली असती तं परवडलं असतं, हेच काऊन लागली तुले?”

दहा दिवसांनी वरचे साहेब आले. तिच्या अर्जावर चौकशी. साहेबांनी विचारलं, उंचवटे कुठं आहेत. नव्हते. ओव्हरसियरची वही उघडली. त्या तारखेला उंचवट्यांची नोंद नव्हती. जोत्यांची आखणी तपासली, एवढंच होतं. तिच्यासमोर त्यानं लिहिलं ते हेच.

मी पुढे झालो. “साहेब, होते. पाच होते. मी पाहिले.”

“कुठं गेले?”

“आमी मोडले.”

साहेब हसले. मोठ्यानं नाही, तोंड बाजूला करून. “तुम्हीच मोडले आणि तुम्हीच तक्रार करता? खेळ चालवला आहे का?” जीप गेली. चौकशी संपली.

घरं बांधली. जोतं भरायला माती हवी होती. ठेकेदारानं जवळची जागा दाखवली, घळीचं तोंड आणि शेवटची ओळ यांच्या मधली. लांब वाहतूक नको म्हणून. आम्ही तिथं खड्डे घेतले. चौतीस घरांची जोती, दोन-दोन फूट भराव. सोळा हजार घनफूट माती सतरा दिवसांत काढली. माप व्यवस्थित, मटाम व्यवस्थित, मोडणं व्यवस्थित. टोपली भरभरून गेली. त्या कामाचा मला तेव्हा अभिमान होता.

बयनाबाई आणि चंपत यांनी वसाहतीतल्या घराचा पट्टा घेतला नाही. टेकाडाच्या कडेला झोपडी घातली. उत्तमरावांच्या माणसांनी ती दोनदा उपटली. तिसऱ्यांदा ती आत बसून राहिली आणि म्हणाली, “आता मलेच उपटा.” ते निघून गेले. आमच्या बाया तिला हसल्या. पक्कं घर सोडून पालात राहते म्हणे. पाणी भरायला तिला दुप्पट चालावं लागायचं. ती चालली. मोजणंही चालूच होतं.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये दोन दिवस रिमझिम होती. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती आणि मी दारात बसून चहा पीत होतो. बयनाबाई जवळजवळ पळतच आली. जय भीमही घातला नाही.

“मोतीराम भाऊ, तुमच्या मागचा खड्डा भरून नाही राह्यला.”

“मग?”

“दोन दिवस पाणी येऊन राह्यलं आणि खड्ड्यात वीतभर नाही. जाते कुठं? घर सोड. आत्ता.”

माती खणणाऱ्याला एवढं पुरतं. मी कप तिथंच ठेवला. आम्ही दोघांनी ओळीतलं प्रत्येक घर रिकामं केलं. शेजारची मथुराबाई धान्याच्या कणगीला मिठी मारून बसली होती. बयनाबाईनं तिला दंडाला धरून ओढलं.

“सोड वं! दाण्याचे पैसे मागून माह्याकडून घे.”

जेवणवेळेच्या सुमारास खड्ड्यांचा तळ बसला. पाठोपाठ जमीन आवाज न करता खाली गेली, घरं आवाज करत. नऊ. माणूस एकही गेला नाही. मथुराबाईच्या दोन शेळ्या गेल्या, कणगी गेली.

पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या कागदावर कारण आधीच लिहिलेलं होतं. अतिवृष्टी. बयनाबाईनं वही पुढे केली. दोन दिवसांचा मिळून पाऊस बावन्न मिलिमीटर. त्र्याऐंशीत एका दिवसात एकशेएकतीस पडला होता, तेव्हा गावात भिंतही पडली नव्हती. “याले अतिवृष्टी कोण म्हणते?”

तो म्हणाला, दुसरं कारण लिहिलं तर मदत बसत नाही. ताडपत्री, तांदूळ, काहीच नाही. ठरवा.

पंच म्हणून माझं नाव घातलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं.

“कर सही,” ती म्हणाली. “लेकरं ओली होऊन राह्यली. मी नाही करत. मले घर आहे.”

मी सही केली. त्या खोट्याखाली मोतीराम हे नाव माझं आहे.

ताडपत्र्या घेऊन आम्ही टेकाडावर चढलो आणि तिच्या झोपडीशेजारी बसलो. कोणाला विचारलं नाही. उत्तमरावांनी अर्ज केले, नोटिसा आल्या. आम्ही उठलो नाही. राहिलेली पंचवीस घरंही पुढच्या दोन उन्हाळ्यांत वर आली. आज इथं बासष्ट घरं आहेत, विहार आहे. खालची वसाहत घळीत आहे.

टेकाडावर चढलो त्या संध्याकाळी ती वही घेऊन बसली होती. मला वाटलं तक्रार लिहिते. तिनं वही माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं: मी अकरा म्हणाले, सहा पावसाळ्यांत गेलं. जोत्यांचे खड्डे धरले नाही. घळीची दहा वर्षांची माती टोळीनं सतरा दिवसांत काढली. चूक माझी.

“तुही कशी?” मी म्हणालो. “खणलं आमी.”

“तुमी खणून राह्यले होते, मी वाहून राह्यली होती. टोपली माह्या डोक्यावर होती. म्या मोजाले पाहिजे होती.”

ओव्हरसियर बढती घेऊन गेला. उत्तमरावांची कापसाची गंजी सडकेच्या पलीकडे गेली, त्यांचं काही अडलं नाही. सारांचं पुस्तक कुठल्या तरी कपाटात असेल. या सगळ्यांत स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहिणारी एकटी तीच, जिची चूक सगळ्यात लहान होती.

बयनाबाई दोन हजार सहाला गेली. भागीरथा आता बोथ गावात शिक्षिका आहे. तिनं वही मला आणून दिली. मी सगळी वाचली. तिची चूक त्या वहीत आहे. माझी कुठंच नाही, ना तिच्या वहीत, ना सरकारी कागदात. तिनं ती मुद्दामच गाळली असावी.

म्हणून मी घालतो. पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात घळीवरच्या गायरानात पाच मटाम होते. सगळ्यात उंच तीन फूट दोन इंच. पहिलं टिकास माझं.